यंत्राची आठवण आणि आपला कान

मैफलीच्या आरंभी तानपुरे जुळविण्यात जो वेळ जातो, तो वाया गेला असे आपल्या घरांतील जाणत्या श्रोत्यांस कधी वाटले नाही. काल जुळविलेला तानपुरा आज पुन्हा जुळवावा लागतो. तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी रोज नव्याने चालवावी लागते. वाद्याला आठवण नसते, ती वाजविणाऱ्याच्या कानात असते, हे आपण धरूनच चालतो. आता आपल्या मुलानातवंडांच्या हाती विजेची गिटार आली आहे आणि तिच्यासोबत आलेला ॲम्प्लिफायर मात्र ‘सारे माझ्या लक्षात आहे’ असे सांगतो. ही आठवण कोणत्या जातीची आहे आणि तिच्यावर किती विसंबावे, याचा विचार आज करू.

विजेच्या गिटारीची तार स्वतः फार क्षीण वाजते. तारेखालचे चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे मिळून तिच्या कंपनातून विजेचा सूक्ष्म संकेत निर्माण करतात आणि ॲम्प्लिफायर तो मोठा करून स्पीकरमधून ऐकवितो. मोठा करता करता तो स्वराचा पोतही बदलतो. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला पेलवेल त्याहून अधिक जोर दिला की स्वर फाटतो. परंतु त्या फाटण्यातच रसिकांना गोडी सापडली. अमेरिकेतील फेंडर आणि इंग्लंडमधील व्हॉक्स व मार्शल यांच्या ख्यातीत या वेगवेगळ्या पोतांचा वाटा मोठा आहे. गेन, बेस, मिडल, ट्रेबल आणि आवाज अशा पाचसहा नॉबांवर सारा खेळ चाले. मनाजोगता स्वर सापडला की वादक त्या जागा घड्याळाच्या काट्याच्या भाषेत कागदावर टिपून ठेवी: बेस दहावर, ट्रेबल दोनवर.

यंत्राने ही नोंद आपल्याकडे घेण्याच्या वाटेवरचा मोठा टप्पा सिंथेसायझरने गाठला. डेव्ह स्मिथ यांच्या कॅलिफोर्नियातील संस्थेने १९७८ साली ‘प्रॉफेट-५’ हे वाद्य आणले. त्यात नॉबांच्या जागा अंकांच्या रूपाने साठविल्या जात आणि असे ४० स्वर एकेका बटणाने परत मिळत. पुढे १९८३ साली ‘मिडी’ ही वाद्यांची सामाईक भाषा प्रचारात आली. तिच्यात ० ते १२७ पैकी एक क्रमांक पाठविला की दुसरे वाद्य आपले त्या क्रमांकाचे सेटिंग उघडते. गिटारवादकाने पायाखालचा पेडल दाबताच स्वर पालटतो, त्यामागे अनेकदा हाच संकेत असतो.

१९९६ साली ‘लाइन सिक्स’ या अमेरिकन कंपनीने निरनिराळ्या नामांकित ॲम्प्लिफायरांची नक्कल गणिताने करणारा ॲम्प्लिफायर बाजारात आणला. यास ‘मॉडेलिंग’ म्हणतात. त्याच कंपनीच्या १९९८ सालच्या ‘पॉड’ या लाल, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या पेटीत ३६ सेटिंगे राहत. जेथे स्वरच आकड्यांतून घडतो, तेथे तो जतन करणे म्हणजे आकड्यांची एक ओळ लिहून ठेवणे. आणि परत बोलावणे म्हणजे ती ओळ वाचणे.

वाचकांनी लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की यंत्र आकडे जपते, ऐकू येणारा नाद जपत नाही. या एका भेदातून तीन अडचणी उद्भवतात.

पहिली अडचण डोळ्यांची. साठविलेले सेटिंग बोलाविले तरी अनेक यंत्रांवरील नॉब जागचे हलत नाहीत. गेनचा नॉब नऊवर दिसतो आणि कानी येतो तो दोनवरचा स्वर. त्यास किंचित हात लागला की स्वर एकदम उडी मारतो. म्हणून ‘बॉस’ कंपनीच्या ‘कटाना’सारख्या ॲम्प्लिफायरवर ‘पॅनेल’ नावाचे बटण असते. ते दाबले की नॉब जे दाखवितात तेच खरे होते. नवशिक्याने प्रथम त्यावरच सराव करावा.

दुसरी अडचण खोलीची. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असता आपल्या कानास खर्जाचे व अगदी तीव्र स्वर कमी ऐकू येतात. घरातील मंडळी निजल्यावर हळू आवाजात सेटिंग करणारा मुलगा साहजिकच बेस व ट्रेबल वाढवितो. तेच सेटिंग मंडपात मोठ्याने वाजले की बेस घुमतो, ट्रेबल कानाला टोचते आणि मधला, गाण्याला धरून राहणारा स्वर बुडून जातो. यंत्राने एकही आकडा चुकविलेला नसतो. म्हणून सेटिंग कार्यक्रमाच्या आवाजातच, आणि शक्यतो साथीदारांसह वाजवून, पक्के करावे.

तिसरी अडचण माणसांची. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपल्या मंडळांत वाद्ये पुष्कळदा सामाईक असतात. आमच्या परिचयाच्या एका मंडळात गणेशोत्सवाच्या आदल्या सायंकाळी एका मुलाने मोकळी समजून एक जागा वापरली आणि बटण काही क्षण दाबून धरले. तेथे दुसऱ्या मुलाची दोन महिन्यांची मेहनत होती. नवी ओळ लिहिली गेली तशी जुनी पुसली गेली. त्या मुलाने भांडण केले नाही, तो उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची समजूत काढण्यास दोघे ज्येष्ठ गेले तेव्हा कोठे तो वाजविण्यास आला. जागा कोणाची, हे एका वहीत लिहून ती वही ॲम्प्लिफायरपाशी ठेवली असती तर हे टळते. जे यंत्र संगणकास जोडता येते, त्यातील सेटिंगांची प्रतही काढून ठेवावी. आणि सेटिंगास नाव देताना ते गाण्याचे व जागेचे द्यावे. ‘झकास एक’, ‘झकास दोन’ अशा नावांचा अर्थ महिन्याभराने देणाऱ्यासही उरत नाही.

आमच्या घरी भजनांची एक जुनी वही आहे. तिच्यातील अक्षर न् अक्षर शाबूत आहे, पण कित्येक चाली आज कोणासच येत नाहीत. त्या गळ्यात होत्या आणि गळ्यांबरोबर गेल्या. महाराष्ट्रापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत अशा वह्या पुष्कळ असतील. यंत्राची आठवण अशा वहीसारखीच आहे. ती अवश्य असावी, नीट राखावी. परंतु वही उघडल्याने चाल येत नाही.

तेव्हा घरातील मुलाने साठविलेला स्वर ऐकवला, तर पालकांनी एकदा त्यास सांगून पाहावे: आता सारे नॉब मध्यावर आण आणि हाच स्वर कानाने शोधून दाखव. पाच-दहा मिनिटांत तो जवळपास पोहोचला, तर ते सेटिंग त्याचे झाले असे समजावे. न पोहोचल्यास रागावू नये; त्याच्याजवळ बसून आपणही ऐकावे.