सरावातल्या घुसखोराला दाढी कशाला?

गेल्या सत्रात आमच्या शाळेत मॉक ड्रिलसाठी बैठक झाली. कोणी हत्यार घेऊन शाळेत घुसलं तर काय करायचं, याचा मुलांकडून सराव करून घ्यायचा होता. घुसखोराचं काम कोण करणार, असा प्रश्न निघाला. एक सहकारी सहज म्हणाले, "त्याला दाढी लावा, म्हणजे मुलांना लगेच कळेल." दोघं-तिघं हसले. मी त्याच शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मलाही दाढी आहे. पुढच्या तासाला मला त्याच मुलांसमोर उभं राहायचं होतं.

सहकाऱ्यांवर माझा राग नाही. हे चित्र त्यांनी एकट्याने काढलेलं नाही. आपल्याच राज्यात पोलिसांच्या सरावात अतिरेकी झालेल्या माणसाने 'अल्लाहू अकबर'च्या घोषणा दिल्या होत्या. त्यावर जनहित याचिका झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका विशिष्ट समाजाला अतिरेकी दाखवणाऱ्या सरावांना तात्पुरती मनाई केली. जे न्यायालयाला थांबवावं लागलं, ते आम्ही पाचवीच्या वर्गात आणायला निघालो होतो.

"मग तयारीच नको का, सर?" असं विचारलं जाईल. हवीच. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या शाळेत १३० हून अधिक मुलं मारली गेली. ती मुलं मुसलमानांचीच होती. दहशतीचं दुःख आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न तयारी कशी करायची, हा आहे. याचा सर्वांत कडू अनुभव अमेरिकेकडे आहे. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर दार लावा, दिवे घालवा, कोपऱ्यात गप्प बसा, हा सराव तिथे रुजला. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० लहान मुलं मारली गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या केंद्र सरकारने सांगितलं की आधी पळा, ते जमलं नाही तर लपा, आणि अगदी शेवटी मोठ्यांनी सामना करावा. याच काळात सरावात नाटकही शिरलं. २०१९ मध्ये इंडियाना राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिकांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागून प्लास्टिकच्या छर्‍यांनी मारलं. त्यांच्या अंगावर वळ उठले.

आता तिथेच वारं फिरलं आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२४ मध्ये नियम बदलले. सरावात नट नकोत, खोटी हत्यारं नकोत, पालकांना आधी कळवा, मुलांना हा सराव आहे हे सांगा. म्हणजे ज्यांनी हे नाटक केलं, ते आता पडदा पाडत आहेत आणि आपण मेकअपचं सामान शोधतोय!

आणि घुसखोर तरी कोण? कोलंबाइनचे मारेकरी त्याच शाळेचे विद्यार्थी होते. २०१८ च्या पार्कलंडचा आणि २०२२ च्या युवाल्डीचा मारेकरी त्या-त्या शाळेत पूर्वी शिकलेला. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०२१ मध्ये वेळीच उधळल्या गेलेल्या ६७ कटांचा अभ्यास केला. त्यात पुन्हा पुन्हा दिसलं ते हेच, की बरोबरच्या मुलांना सुगावा लागला आणि त्यांनी मोठ्यांना सांगितलं. आपल्या बदलापूरला २०२४ मध्ये काय झालं? आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. त्याला ओळखायला कुठली दाढी उपयोगी पडणार होती?

मुलाने काही पाहिलं तर ते कोणाला तरी सांगावंसं वाटणं, हीच पहिली सुरक्षा. ज्या मुलाला आम्ही दाढीची भीती शिकवू, ते माझ्याकडे काही सांगायला येईल का? आणि वर्गातल्या ज्या मुलाचे अब्बा दाढी ठेवतात, ते त्या दिवशी घरी जाऊन काय सांगेल?

बैठकीत मी एवढंच मागितलं: आमच्या तीन वर्गांना आतून कडी नाही, ती बसवा. तक्रारपेटी दर आठवड्याला उघडा. मुलांना आधी सांगून, नाटक न करता सराव घ्या. कडीचा खर्च कोणी करायचा, यावर चर्चा अजून चालू आहे. दाढी मात्र फुकट मिळत होती.