घर ‘सांभाळून’ केलेली कला

एखाद्या स्त्रीच्या चित्रप्रदर्शनाचे वृत्त देताना ‘संसार सांभाळून त्यांनी कला जोपासली’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांत हटकून येते. पुरुष चित्रकाराविषयी ते कोणी लिहीत नाही. त्याचा संसार कोणी सांभाळला, हा प्रश्नच उद्भवत नाही. एका सामाजिक प्रश्नाला व्यक्तीच्या कर्तबगारीत बुडवून टाकण्याची सोय या कौतुकात आहे, आणि पुरोगामी म्हणविणारी मंडळीही ती बिनदिक्कत वापरतात.

जर्मन चित्रकर्ती केथे कोलविट्झ (१८६७–१९४५) हिचे नाव समाजवादी वर्तुळांत आदराने घेतले जाते. तिची चित्रे कोणत्या घरात व कोणत्या वेळात निर्माण झाली, याची चौकशी मात्र क्वचितच होते. १८९१ साली डॉ. कार्ल कोलविट्झशी विवाह करून ती बर्लिनच्या कामगार वस्तीत राहावयास आली. लग्न आणि कला ही दोन्ही तिला झेपणार नाहीत, अशी धास्ती तिच्या वडिलांना होती. आणि ते स्वतः समाजवादी विचारांचे होते! १८९२ मध्ये हान्स आणि १८९६ मध्ये पेटर हे मुलगे झाले. नेमक्या याच वर्षांत, १८९३ ते १८९७ या काळात, ‘विणकरांचा उठाव’ ही सहा चित्रांची मालिका तिने पूर्ण केली. १८९८ च्या बर्लिन प्रदर्शनात परीक्षकांनी तिला पदक देण्याची शिफारस केली. कैसरने ती फेटाळली.

हे शक्य कसे झाले? केवळ जिद्दीने, असे म्हणणे म्हणजे पुन्हा वृत्तपत्री वाक्याकडेच वळणे होय. कार्ल हा कामगारांच्या आजार-विमा निधीचा डॉक्टर होता. हा विमा बिस्मार्कने १८८३ मध्ये कायद्याने आणला तो कामगारांना समाजवाद्यांपासून तोडण्यासाठी. तो हेतू फसला. या घरात मात्र नियमित उत्पन्न आले. दवाखाना घराशेजारीच असल्याने तेथे येणाऱ्या श्रमिक स्त्रियांच्या रूपाने चित्रविषयही दाराशी चालत आले. शिवाय घरकामाला कायमची बाई होती. तिचे नाव कलेच्या इतिहासात शोधावेच लागते. चित्रकर्तीचे हात ज्या श्रमाने मोकळे झाले तो श्रमही स्त्रीचाच होता, हे श्रमविभागणीची चर्चा करणाऱ्यांनी विसरू नये.

१९१० मधील तिच्या रोजनिशीत एक अडचणीची नोंद आहे. मुले मोठी झाली, वेळ हाती आला. परंतु पूर्वीच्या तुटपुंज्या वेळात आपली निर्मिती अधिक होत असे, असे तिला वाटते. ‘पाहा, संसाराने कला फुलते’ असा अर्थ यातून काढणारे निघतीलच. वस्तुतः ती बोलते आहे ते भरभरून जगण्याविषयी, टंचाईविषयी नव्हे. १९०३ चे ‘मृत बालकासह स्त्री’ हे चित्र तिने सात वर्षांच्या पेटरला मांडीवर घेऊन, आरशात पाहून रेखाटले. तो पेटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये युद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकातील शोकमग्न माता-पित्यांची शिल्पे उभी राहण्यास १९३२ साल उजाडले. येथे घर आणि कला यांचा ‘समतोल’ कोणत्या तराजूत तोलावयाचा?

मुंबईत आज प्रदर्शन मांडणाऱ्या स्त्रीला विमा निधीचा आधार नाही. जहांगीर कला दालनात पाळी यावयास वर्षे लागतात. ती आली की आठवडाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चित्रांपाशी बसावे लागते. तान्हे मूल असेल तर ते कोठे ठेवावयाचे? कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराचे तत्त्व १९४८ च्या कारखाना कायद्याने मान्य केले. चित्रकर्तीला मालक नाही, म्हणून तो हक्कही नाही. तीच गत विडी वळणारीची आणि घरी शिवण करणारीची. पाळणाघराची मागणी वस्तीनिहाय व्हावयास हवी, ती यासाठी. ती करताना पक्षाच्या सभेला येणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या घरी त्या वेळी मुलांपाशी कोण बसले आहे, तेही सांगावे.