पुठ्ठ्याचा तारपा

कॅनडात शिकायला गेलेला मित्र पहिल्या महिन्यात एक किस्सा हमखास सांगतो. तिथल्या विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत असो नाहीतर कोडिंगची स्पर्धा, सुरुवातीला कोणीतरी उभं राहून सांगतं की आपण बसलोय ती जमीन मूळची अमुक आदिवासी समाजाची आहे. आमच्या ग्रुपवर यावर विनोदांचा पाऊस पडतो. "मग परत का देत नाहीत?" हा सगळ्यात हिट. विनोद अगदीच चुकीचा नाही म्हणा. दर वेळी तेच वाचून दाखवायचं म्हटलं की त्याचं आपल्याकडच्या दीपप्रज्वलनासारखं होणार, अर्धं लक्ष नाश्त्याकडे.

पण त्या वाक्यामागे मोठी गोष्ट आहे. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवायचं, त्यांची भाषा विसरायला लावायची, असं तिथे शंभराहून जास्त वर्षं चाललं. त्याची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. त्यातली एक अशी की डॉक्टर किंवा नर्स होणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास अभ्यासक्रमात असलाच पाहिजे. म्हणजे ढोल-नाच आहेतच, पण जोडीला अभ्यासही.

आता आपल्याकडे या. मुंबई विद्यापीठाचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. वारली, ठाकर, कातकरी ही मंडळी आणि आमची रत्नागिरी, सगळे एकाच विद्यापीठाच्या हद्दीत. आमच्या कॉलेजात गॅदरिंगला तारपा नृत्य ठरलेलं. नाचणाऱ्यांत आदिवासी एकही नाही, तारपा पुठ्ठ्याचा, सूर पेन ड्राइव्हमधला. खरा तारपा दुधी भोपळा आणि बांबूचा असतो, वाजवणारा मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती, हे कोणी सांगितलंच नाही. टाळ्या मात्र दणदणीत.

आपल्याला वारली चित्रं माहीत आहेत. टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, ऑफिसच्या कॅन्टीनच्या भिंतीवर (आमच्याकडे तर लिफ्टमध्येसुद्धा). वारल्यांचा उठाव किती जणांना माहीत आहे? लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघं सावकाराकडे राबायची, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. त्या आणि वेठबिगारीच्या विरोधात १९४५ साली वारली उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. म्हणजे माहिती लपलेली नाही.

पालघर लांब वाटत असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातच बघा. आमच्या पोरांना थिबा पॅलेस, पतितपावन मंदिर आणि टिळकांचं जन्मस्थान शाळेच्या सहलीतच पाठ होतं. खेड-मंडणगडकडच्या कातकरी वाड्या मात्र कुठल्याच सहलीत नसतात. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांच्या वन कायद्यांनी जंगल बंद केलं आणि हे लोक कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेले. उचल घ्यायची, दिवाळीनंतर पोराबाळांसकट भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. मुलांची शाळा गेली ती गेलीच. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, आणि उचलीचा हिशेब अजून फिटलेला नाही. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत, म्हणजे राहतं घरसुद्धा उद्या आपलं असेल याची खात्री नाही.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरला हे शिकून काय करायचंय? अहो, सगळ्यात आधी इंजिनिअरलाच! बुलेट ट्रेनची रेघ पालघरमधून जाते, धरणांच्या भिंती आपलेच लोक उभारतात, सातबारा ऑनलाइन आणणारे आपणच. ज्याचं नाव मूळ सातबाऱ्यावर कधीच नव्हतं, तो ऑनलाइन सातबाऱ्यावर कुठून येणार? आणि सिस्टिमला काही चुकलंय असं वाटतसुद्धा नाही. हा बग टेस्टिंगमध्ये सापडत नाही, कारण टेस्ट केस लिहिणाऱ्याला कातकरी वाडी म्हणजे काय हेच ठाऊक नसतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञान प्रणालीचे श्रेयांक आले आहेत. त्यात शून्याचा शोध शिकवा, जरूर शिकवा. पण दोन श्रेयांक वारली आणि कातकऱ्यांच्या इतिहासाला द्या, सर्व शाखांना, परीक्षेसकट. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला पोस्टर लावून फोटो काढण्यापेक्षा ते बरं. पहिल्या तासाला तारपा वाजवणारा खरा माणूस बोलवा, आणि त्याला शाल-नारळावर बोळवू नका. बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकाला जे मानधन देता तेच त्याला द्या, शक्यतो त्याच दिवशी.