डिझायनरची फी आणि आपलं अचौर्य



सध्या आमच्या मनीषनगरात कोणत्याही बिल्डिंगमध्ये जा, कोणाचं ना कोणाचं काम सुरूच असतं. लिफ्टला आतून प्लाय ठोकलेला, जिन्यात भुसा. इतवारीतली जुनी घरं सोडून आपली कितीतरी कुटुंबं इकडे आणि बेसा-बेलतरोडीकडे आली. नवा फ्लॅट म्हटला की इंटिरिअर डिझायनर आलाच. मंदिरात भेटलं की पहिला प्रश्न, "कोणाला दिलं? किती घेतले?" आणि मग हळू आवाजात सल्ला, "एकदा ड्रॉइंग काढून घ्या हो, मग आपला मिस्त्री आहेच."

आज या सल्ल्याबद्दलच लिहायचं आहे, कारण मी तो ऐकला होता.

काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघर आणि देवघर नवीन करायचं ठरलं. माझ्या मुलीच्या वयाची एक डिझायनर तीनदा घरी आली. टेप लावून मापं घेतली. जेवण किती वाजता होतं, पाणी कुठे गाळता, शोधाची भांडी वेगळी ठेवता का, सगळं विचारून लिहून घेतलं. आठवड्याने ड्रॉइंग आणून दिलं. मी म्हटलं, "घरात विचारून सांगते." त्याच संध्याकाळी त्याचा फोटो आमच्या मिस्त्रीला पाठवला. पुढे तिचे दोन फोन आले. दुसऱ्या वेळी मागे कटर सुरू होतं, आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेत म्हटलं, "अजून काही ठरलं नाही गं." मी बी.कॉम. आहे, घरखर्चाची वही रोज लिहिते. वहीत डिझायनरपुढे शून्य लिहिलं आणि मला त्याचं कौतुकही वाटलं.

त्या भाद्रपदात दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचं वाचन सुरू होतं, रोज एक अध्याय. सातव्या दिवशी सातवा अध्याय, त्यात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार. हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि चोर म्हणजे कुलूप तोडणारा, आपला काय संबंध, म्हणून पुढे जातो. त्या दिवशी मात्र पहिल्यावरच अडकले. स्तेनप्रयोग, म्हणजे दुसऱ्याला चोरीला लावणं. तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेलं घेणं. मिस्त्रीच्या हातात मीच तर ड्रॉइंग दिलं होतं! कायद्यानेही नकाशा काढणाऱ्याचाच असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्राबरोबर ड्रॉइंग आणि प्लॅनही येतो.

कोणी म्हणेल, पहिली भेट फुकट असं त्याच सांगतात. बरोबर आहे. भेट फुकट, गप्पा फुकट. पण आठ दिवस बसून काढलेलं ड्रॉइंग फुकट नाही. आपल्या घरातल्या मुली आता याच कोर्सला जातात. त्यांच्या कामाचे पैसे कोणी बुडवले तर आपण काय म्हणू?

दुसरं बोलणं मी नेहमी ऐकते, "डिझायनर दुकानदाराकडून कमिशन घेतातच, मग फी कशाला?" कमिशन घेणारे आहेत, हे खरं. पण थोडा हिशेब करा. फी द्यायची नाही म्हटल्यावर त्या माणसाने घर कसं चालवायचं? मग तो पैसा प्लाय, लॅमिनेट, हँडलच्या भावात मिसळतो आणि आपल्याच खिशातून जातो, फक्त दिसत नाही. शिवाय महाग वस्तू सुचवली की त्याचा फायदा. म्हणून माझं मत असं, की फी वेगळी ठरवावी, कागदावर लिहावी, टप्प्याटप्प्याने द्यावी. सामानाची बिलं आपल्या नावाने घ्यावी आणि दुकानदाराला पैसे आपणच द्यावे. लकडगंजला एकदा स्वतः जाऊन भाव विचारला तर बिघडत नाही. एवढं करूनही कमिशन घेतलं, तर तो दोष त्यांचा. आपली बाजू स्वच्छ.

उरलेले तीन अतिचार तर घराच्या कामासाठीच सांगितले की काय, असं मला वाटतं.

हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात कमी-जास्त. सात फूट उंच, सहा फूट रुंद कपाट समोरून मोजलं तर ४२ चौरस फूट. तेच दोन फूट खोल धरून पाठ, बाजू, वर-खाली सगळं मोजलं तर १३६, आतल्या फळ्या सोडून. दर चौरस फुटाचा आहे, पण मोजायचं कसं, हे काम सुरू होण्याआधीच विचारा. नंतर भांडण होतं आणि कषाय वाढतो.

प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी दुसरंच. ओल्या जागेला मरीन प्लाय सांगितला असेल तर त्यावर आयएस ७१० हवं. आयएस ३०३ म्हणजे साधारण कामाचा प्लाय. शिक्क्यावरचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

आणि विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा नियम मोडणं. "बिल नको, १८ टक्के वाचतील," असं आपणच पुढे होऊन म्हणतो. वाचत काहीच नाही. माल खराब निघाला तर हातात कागदही नसतो. डिझायनरची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तिला जीएसटी लावावा लागत नाही, पण पावती तरी घ्यावीच.

तसंच, आपल्या घराची रीत डिझायनरला आधी सांगायची जबाबदारी आपली. ती जैन नसेल तर तिला कसं कळणार? फ्रेंच पॉलिशमधला शेलॅक लाखेच्या किड्यांपासून होतो. आपल्याला दुसरं पॉलिश हवं. चामड्याचा सोफा नको, रेशमी पडदे नको. ट्रॉलीच्या मागे हात न पोहोचणारा कोपरा नको, कारण तिथे झुरळं होतात आणि मग फवारणी करावी लागते. हिंसा टाळायची तर ती नकाशातच टाळावी लागते.

ज्यांना पूर्ण घराची फी परवडत नाही, त्यांनी एकाच खोलीपुरता सल्ला घ्यावा, किंवा सरळ मिस्त्रीकडून आपल्या मनाने करून घ्यावं. त्यात कमीपणा नाही. परवडत नसताना घेणं आणि घेऊन न देणं, यातलं दुसरं जास्त वाईट.

माझं पुढे काय झालं ते सांगते. क्षमावाणीला आपण सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणतो, ज्यांचं काही बिघडवलंच नाही त्यांना आधी. त्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. खरं सांगितलं आणि तिची फी विचारली. ती क्षणभर गप्प होती. मग तिने आकडा सांगितला आणि म्हणाली, "काकू, किचन बघायला येऊ का?" आली, उभी राहून बघितलं आणि शोधाच्या भांड्यांचं कपाट उघडलं. मिस्त्रीने ते सिंकला लावून घेतलं होतं. खालचा प्लाय फुगला होता. तिच्या ड्रॉइंगमध्ये ते कपाट समोरच्या कोरड्या भिंतीला होतं. मिस्त्रीला पाइपाचं काम वाचवायचं होतं आणि मला ते लक्षातच आलं नव्हतं. ते कपाट तिने हलवून दिलं, त्याची फी वेगळी.

वहीत शून्य खोडून तिथे आता खरा आकडा आहे. तारीख क्षमावाणीची.