गाडी तंबूपर्यंत जाते का?

आमच्या शाखेचे हेड कॅशियर हे अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत. इतक्या वर्षांत त्यांच्या कॅशमध्ये एका रुपयाचाही फरक आलेला मी पाहिला नाही. अशा माणसाशी भांडायला मन धजत नाही. तरीही गेल्या महिन्यात मी त्यांच्याशी भांडलो आणि तेही त्यांच्याच डब्यातलं भरलं वांगं तोंडात असताना. भांडणाचं कारण मेळघाट.

झालं असं की कॅशियरसाहेबांनी नवी गाडी घेतली. गाडी चांगली उंच आहे. इतकी उंच की त्यांच्या सौभाग्यवतींना आत चढायला पाट ठेवावा लागतो. चारही चाकांना जोर आहे आणि शोरूमवाल्याने शपथेवर सांगितलं आहे की ही गाडी नदीतून जाते. आता पुण्यात नद्या आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्यात गाडी घालायची म्हणजे आधी गाडीलाच धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागेल. तेव्हा नदीच्या शोधात साहेबांची नजर थेट सातपुड्यापर्यंत गेली. मेळघाट! सिपना नदी! किनाऱ्यावर तंबू, तंबूशेजारी गाडी, गाडीशेजारी शेकोटी आणि शेकोटीत भाजलेले बटाटे.

त्यांनी बेत पैसे भरायच्या स्लिपांच्या पाठीमागे लिहून काढला होता. सहा घड्या घालायच्या खुर्च्या, दोन गाद्या (सासूबाईंच्या पाठीसाठी), गॅसची शेगडी, छोटा जनरेटर, आणि त्या जनरेटरवर चालणारा पंखा. डिसेंबरात पंखा कशाला, असं मी विचारलं. "असू द्या हो, गाडीत जागा आहे," असं उत्तर मिळालं. माणूस प्रवासाला काय नेतो हे गरजेवर नव्हे, डिकीवर ठरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी काही वर्षं तिकडच्या एका शाखेत काढलेली असल्यामुळे मेळघाटच्या बाबतीत मला शाखेत तज्ज्ञ समजतात. म्हणून साहेबांनी सगळा बेत वाचून दाखवल्यावर मला एकच प्रश्न केला : "गाडी थेट तंबूपर्यंत जाते का?"

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. हा आपल्या सबंध वर्गाचा प्रश्न आहे. देवदर्शनाला निघालो की आपण देव कुठला हे नंतर विचारतो, गाडी गाभाऱ्यापासून किती लांब लागते हे आधी. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते, म्हणून तो आपल्याला अत्यंत ऐतिहासिक वाटतो. ज्या गडावर जात नाही त्याच्या इतिहासाबद्दल आपण साशंक असतो. हे सगळं मी हसून सोडून देत आलो आहे, कारण मीही त्यातलाच. पण जंगलाच्या बाबतीत आता हसवत नाही.

मी साहेबांना आधी कायद्याने घेतलं. बँकेतल्या माणसाला कायदा दाखवला की तो निम्मा नमतो. म्हटलं, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याच्या २७ व्या कलमाखाली परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही आणि ३० वं कलम तुमच्या शेकोटीवरच बसलेलं आहे. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला एक. त्यातला गुगामलचा भाग १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. तिथे नदीकाठी हवा तिथे तंबू ठोकायला ते आपल्या सोसायटीचं मैदान नव्हे. सेमाडोहला, कोलकासला वनखात्याची राहायची सोय आहे, तिथे राहावं. आत जायचं तर ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, गाइड घेऊन.

"म्हणजे आपली गाडी नुसती उभी राहणार?" साहेबांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या मुलाला वर्गाबाहेर उभं केलं होतं. मग त्यांनी आपली बाजू मांडली, आणि माणूस प्रामाणिक असल्यामुळे मुद्देसूद मांडली. एक, जंगल सरकारचं, म्हणजे आपलं. दोन, रस्ते झाले की माणसं येतात, माणसं आली की तिथल्या गरिबांना चार पैसे मिळतात. तीन, तिथे रस्ते नाहीत म्हणूनच तो भाग मागासलेला राहिला.

यातला तिसरा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच तो आपण वापरू नये असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगतो.

२०१० च्या नोव्हेंबरात आम्ही शाखेतले चौघे एका मित्राची गाडी घेऊन असेच भटकायला निघालो. राष्ट्रीय उद्यानात नव्हे, बाहेरच्याच भागात. डांबरी सोडून एका ढाण्याकडे जाणारी वाट धरली. ढाणा म्हणजे तिकडची कोरकूंची वस्ती. वाटेत नाला होता. पाणी गुडघ्याएवढं. गाडी जाते की नाही यावर पैज लागली, मी जाते म्हणणाऱ्यांत होतो, आणि गाडी नाल्याच्या बरोबर मधोमध जाऊन बसली. दोन्ही बाजूंना उंच दरड. वाट तेवढीच. आम्ही पँटी वर करून एकमेकांचे फोटो काढू लागलो.

तेवढ्यात पलीकडून सहा-सात माणसं आली. खांद्यावर बाज होती, बाजेवर घोंगडीखाली एक बाई. दिवस भरले होते तिचे. डांबरीपर्यंत तिला असंच न्यायचं होतं. त्यांनी बाज काठावर टेकवली. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. ते सरळ पाण्यात उतरले आणि आमची गाडी ढकलू लागले. वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं ती बाई काठावर कण्हत होती आणि तिचे लोक आमच्या सहलीला खांदा देत होते. गाडी निघाल्यावर आमच्यातल्या एकाने शंभराची नोट पुढे केली. एक म्हातारा तिच्याकडे न बघता म्हणाला, "साब, पहिले हिला जाऊ द्या." बाज गेली. दोन दिवसांनी ढाण्यावर चौकशीला जाईन असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि गेलो नाही. महिनाअखेर होती.

तर कॅशियरसाहेब, रस्ता पाहिजे. पण तो त्या बाजेसाठी पाहिजे. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आपण १९९० च्या दशकापासून वाचतो आहोत. डॉ. रवींद्र कोल्हे १९८५ च्या सुमारास बैरागडला गेले, तेव्हा हरिसालहून पुढे चाळीस किलोमीटर पायी जावं लागे. लग्न ठरवताना त्यांनी ज्या अटी घातल्या, त्यांतली एक अशी होती की मुलीची चाळीस किलोमीटर चालायची तयारी हवी. आपल्याकडे लग्नाच्या अटींत स्वतःचा ब्लॉक असतो, लिफ्टसकट. डॉ. स्मिता कोल्हे ती अट मान्य करून गेल्या. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. त्या वाटेवर आधी ॲम्ब्युलन्स धावली पाहिजे, मग एस.टी. आपली पंखेवाली गाडी त्या यादीत कितव्या नंबरवर येते? मी सांगतो, येतच नाही. तिथल्या माणसाच्या अडचणीचं व्हाउचर जोडून आपण आपल्या मौजेचं बिल पास करून घ्यायचं, याला आमच्या खात्यात खोटी नोंद म्हणतात.

आता पहिल्या मुद्द्याकडे वळतो. जंगल आपलं. बरं. कोहा, कुंड, बोरी ही तीन गावं मेळघाटच्या गाभ्यात होती. २००० नंतर ती तिथून उठवून बाहेर वसवली. पुढे आणखीही गावं उठली. कारण काय, तर वाघाला निवांत जागा हवी, माणसाचा वावर नको. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्यांनी घरं मोडली, देव उचलले, शेतं सोडली. आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागेवर, वावर नको म्हणून मोकळ्या झालेल्या जागेवर, आपण जनरेटर लावून बटाटे भाजायचे? जमा कुणाच्या नावावर आणि नावे कुणाच्या, हे मला, एका साध्या बी.कॉम.ला, अजून उमगलेलं नाही.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. गाइडला, जिप्सीवाल्याला पैसे मिळतात हे खरं. मारुतीने जिप्सी बनवणं केव्हाच थांबवलं, तरी आपल्या जंगलांत ती अजून चालते आहे, कारण तिच्यावर घरं चालतात. मात्र तुम्ही स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या शेगडीवर, पुण्याहून नेलेला शिधा शिजवून खाल्लात तर त्या गरिबाला काय मिळतं? तुमच्या टायरचे ठसे. आणि ज्या गाड्या रीतसर परवाना घेऊन जातात त्यांचंही काही सांगू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली, तर पर्यटकांच्या गाड्यांनी पुढून-मागून तिची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मी तो प्रकार वाचला तेव्हा मला वाघीण आठवली नाही, नाल्याच्या काठावर टेकलेली बाज आठवली.

माणसाने मनावर घेतलं की गाडी आवरता येते. बंदीपूरच्या जंगलातून जाणारा हमरस्ता २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, आणि त्यामुळे म्हैसूर ओस पडलेलं ऐकिवात नाही. आपल्या पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखाली जनावरांसाठी वाटा काढल्या, आणि वाघसुद्धा त्यांतून गुपचूप खालून जातो असं कॅमेऱ्यांत दिसलं. म्हणजे भुयारी मार्ग वापरायची अक्कल वाघाला आहे. स्वारगेटला उभं राहून बघा, आपल्याला आहे का.

माझी सूचना साधी आहे. गाडी परतवाड्याला ठेवायची. सेमाडोहवरून धारणीला जाणारी एस.टी. पकडायची. गाद्या, पंखा, जनरेटर घरी. लाल डब्याच्या खिडकीतून जेवढं जंगल दिसेल तेवढं आपलं, बाकीचं ज्याचं त्याचं. सकाळी गाइडबरोबर जिप्सीत सहाजणांनी दाटीवाटीने बसायचं, तोंड बंद ठेवायचं. रात्री खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून नुसतं ऐकायचं. मी पूर्वी सेमाडोहला अशीच एक रात्र काढली आहे. काहीही दिसलं नाही. सांबराची एक हाक ऐकू आली, आणि नंतर बराच वेळ कसलाच आवाज नाही. इतकी शांतता की मला माझ्या हातातल्या घड्याळाची लाज वाटायला लागली.

हे सगळं मी एका दमात बोललो. मधे दोन खातेदार काउंटरवर येऊन उभे राहिले होते, त्यांना मी हाताने थांबवलं. साहेब बराच वेळ गप्प होते. त्यांनी स्लिपांचा गठ्ठा काढला, लाल पेनने जनरेटर खोडला, पंखा खोडला, गाद्यांपाशी थोडे अडखळले. मग सासूबाईंना घरीच ठेवता येईल हे लक्षात येऊन चेहरा उजळला आणि गाद्याही खोडल्या. शेवटी टोपण लावता लावता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरं, एस.टी. तरी खोलीच्या दारापर्यंत जाते ना?"