जाळे रिकामे आले म्हणून होडी विकायची नसते

वर्सोव्याला, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याला, एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रात्रभर समुद्रात राहून रिकामे जाळे घेऊन परतलेला नाखवा दुसऱ्या दिवशी होडी विकायला काढत नाही. तो जाळे तपासतो, फाटले असेल तेथे विणतो, वाऱ्याचा आणि भरती-ओहोटीचा अंदाज पुन्हा घेतो आणि निघतो. त्याचे कोणी कौतुकही करीत नाही, कारण तो त्याचा नित्यक्रम आहे. मात्र त्याच नाखव्याचा शिकलेला मुलगा इंटरनेटवर मागणी नोंदवून बंदरावरची ताजी मासळी अंधेरी-बोरिवलीच्या घरोघरी पोचविण्याचा उद्योग मांडतो आणि वर्षभरात तो उद्योग बसतो, तेव्हा सारे शहाणे एका सुरात सांगतात, “धंदा आपल्या रक्तात नाही. आता एखादी नोकरी बघ.”

हे वाक्य काळजीपोटी उच्चारले जाते हे मान्य. तरीही मराठी तरुणाच्या उद्योजकतेचा याइतका घात दुसऱ्या कशानेही झालेला नाही.

असा उद्योग बुडतो तरी कशाने? बर्फाचा आणि शीतपेटीचा खर्च धरलेला नसतो. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात माल कोठून आणायचा, हे ठरलेले नसते. दारात पैसे देण्याच्या बोलीवर मागविलेले पापलेट गिऱ्हाईक ऐनवेळी नाकारते आणि परत आलेली मासळी उद्या विकता येत नाही. किलोमागे सुटणाऱ्या नफ्याहून ती पोचविण्याचा खर्च अधिक होतो. यातील कोणते कारण रक्तात आहे? ही सारी हिशेबाची कारणे आहेत आणि ती एकदा हात पोळलेल्या माणसालाच खऱ्या अर्थाने कळतात. म्हणजे ज्या क्षणी तरुण या व्यवसायाला प्रथमच लायक ठरतो, नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला घरी बोलावतो!

मासळीचेच उदाहरण घ्या. केरळमधील मासळी निर्यातीच्या व्यवसायातले मॅथ्यू जोसेफ यांनी २०१२ मध्ये ‘सी टू होम’ या नावाने इंटरनेटवरून मासे विकण्यास आरंभ केला. तो प्रयत्न भांडवलाअभावी बंद पडला. पण त्यांच्या ग्राहकांपैकीच एक, शान कडाविल, त्यांना शोधत आले आणि २०१५ मध्ये दोघांनी ‘फ्रेश टू होम’ उभी केली. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या गुंतवणूक निधीने तिच्यात भांडवल घातले. मासळीची पारख वेसाव्याच्या कोळणीइतकी कोणाला आहे? परंतु तिची मुले पहिल्या तोट्यानंतर माघारी फिरली, तर तिच्या टोपलीतला व्यवसाय उद्या परक्या भांडवलाच्या हाती जाईल आणि तिच्या नातवाच्या वाट्याला केवळ खोकी पोचविण्याची नोकरी उरेल.

मुंबईतच घडलेले दुसरे उदाहरण आहे. आशिष हेमराजानी यांनी जाहिरात संस्थेतील नोकरी सोडून १९९९ मध्ये तिकीटविक्रीचा उद्योग सुरू केला. परकीय भांडवल आले, माणसे वाढली. मग डॉट कॉमचा फुगा फुटला, गुंतवणूकदाराने अंग काढून घेतले आणि दीडशेच्या घरातील कर्मचारी ६ वर आले. हेमराजानींनी दुकान बंद केले नाही. चित्रपटगृहांना तिकीटविक्रीची संगणकप्रणाली पुरवून त्यांनी ती वर्षे काढली आणि २००७ मध्ये ‘बुक माय शो’ या नावाने ते पुन्हा ग्राहकांसमोर आले. भरभराटीत आलेला परका पैसा पडत्या काळात निघून जातो, हाही या कथेतला धडा स्वदेशीचा विचार मानणाऱ्यांनी विसरू नये.

आणि ज्यांना ‘आपल्यातला’ दाखला हवा, त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र उघडावे. लोखंडी नांगराने जमीन नासते अशा समजुतीमुळे शेतकरी त्यांचा नांगर घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. तेव्हा कोणा आप्ताचे ऐकून त्यांनी भट्टी विझविली असती, तर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली असती काय?

अर्थात चिकाटी आणि हट्ट यांत अंतर आहे. त्याच चुकीवर आईचे दागिने पुन्हा गहाण टाकणे, हा पुरुषार्थ नव्हे. हेमराजानींनी मार्ग बदलला, जोसेफ यांनी जोडीदार घेतला. उद्दिष्ट कायम ठेवून रीत बदलणे, हीच खरी चिकाटी.

परंतु सारा भार एकट्या तरुणाने का वाहावा? अपयशी उद्योजकाचे स्थळ नाकारणारे आपणच, त्याच्या तोट्याची चर्चा सत्यनारायणाच्या पंगतीत करणारेही आपणच. परकीय कंपनीच्या सवलतीसाठी शेजारच्या मुलाकडील मागणी रद्द करणारे हात स्वदेशीच्या घोषणा देताना मात्र उंच जातात. कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे: आपल्या वस्तीत उद्योग बुडालेला एखादा तरुण असेल, तर त्याच्याकडे जावे, त्याचा हिशेब एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यावा, सहकारी पतपेढीशी त्याची गाठ घालून द्यावी आणि त्याने पुन्हा दुकान मांडले की पहिले दहा ग्राहक आपल्या घरांतून द्यावेत.

वेसाव्याच्या खाडीपलीकडे मढला पोर्तुगीजांचा किल्ला उभा आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, पण वसईवरचे त्या वर्षीचे हल्ले परतविले गेले. “कोट घेणे आपल्याला जमत नाही,” असे म्हणून चिमाजी अप्पा पुण्याला जाऊन बसले नाहीत. १७३९ मध्ये वेसाव्याचा हा किल्ला आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईही आली. त्या मोहिमेच्या मागे सारा महाराष्ट्र उभा होता. आजच्या तरुणाच्या मागे निदान त्याची आळी तरी उभी राहणार आहे काय?