चार घरे, एक गाडी

भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला आणि वालाच्या शेंगा भरू लागल्या की आमच्या पनवेलच्या पट्ट्यातल्या बायकांना एकवीरा आई आठवते. नावड्याला आता भाताची खाचरे फारशी राहिलेली नाहीत. सिडको आली, तळोज्याची कारखानदारी आली आणि बरीचशी शेते त्यात गेली. पण अंगातली सवय शेतीचीच आहे. माघ लागला की ओट्यावर बोलणे निघते, ‘कार्ल्याला कधी जायचे?’ मग दोन जावा, एक नणंद, शेजारची काकी अशी चार घरे एकत्र येतात आणि एक गाडी ठरते. तुमच्याकडे हीच गाडी जेजुरीला जात असेल, तुळजापूरला जात असेल नाही तर वणीच्या गडावर. देव वेगळा, पण गाडीत होणारे हाल सगळीकडे सारखेच असतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी आमची फजिती सांगते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी ठरवली तेरा जणांची. निघायच्या आदल्या रात्री कोणाचा भाचा आला, कोणाची विहीणबाई आली, ‘पोरे काय, मांडीवर बसतील’ म्हणता म्हणता सतरा डोकी झाली. पहाटे चारला निघायचे ठरले होते, निघालो सव्वासहाला. त्यातून गाडीवाल्याने सांगितले होते की कमीत कमी तीनशे किलोमीटरचे पैसे लागतील, गाडी तेवढी फिरो वा न फिरो. नावड्याहून कार्ला साठ-पासष्ट किलोमीटर. जाऊन येऊन एकशे तीस. आमचे धाकटे दीर हिशेबाला पक्के. ते म्हणाले, ‘एकशे सत्तर किलोमीटर काय त्याला फुकट द्यायचे? येताना महडचा वरदविनायक करू, पालीचा बल्लाळेश्वर करू.’ सगळ्यांना पटले. मलाही पटले, खोटे कशाला बोलू?

एकवीरेचे दर्शन झाले, महड झाले. पालीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. सासूबाई मागच्या बाकावर खिडकीला टेकून बसल्या होत्या, त्यांची मान एकदम कलली. हातपाय गार, ओठ कोरडे. गाडी थांबवली, जवळचा दवाखाना गाठला, सलाइन लावले. डॉक्टरांनी विचारले, ‘आजींनी पाणी कधी प्यायले होते?’ आम्ही एकमेकींची तोंडे पाहू लागलो. सासूबाई शुद्धीवर आल्यावर हळूच म्हणाल्या, ‘पाणी प्यायले की उतरावे लागते. सतरा माणसांची गाडी माझ्यासाठी कशी थांबवू?’ पहाटेच्या चहानंतर त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता.

मायबहिणींनो, ही एकट्या आमच्या सासूबाईंची गोष्ट नाही. आपल्या घरातली प्रत्येक म्हातारी आणि निम्म्या सुनाही प्रवासाला निघताना हेच करतात. पुरुषांना रस्त्याची कड चालते, बाईला चालत नाही. म्हणून ती पाणीच पीत नाही. मग डोके चढते, चक्कर येते, पुढे आठ दिवस लघवीला जळजळते आणि घरात म्हणतात की तिला प्रवास सोसत नाही. रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी घेणाऱ्या बायका तर त्या दिवशी गोळीच खात नाहीत. ते फार धोक्याचे आहे. गोळी मनाने बंद करू नये. निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे की त्या दिवशी ती केव्हा घेऊ.

तेव्हापासून आमच्याकडे सहलीचा पहिला कागद लिहितो तो थांब्यांचा. देवळांची यादी त्यानंतर. दीड-दोन तासांपेक्षा जास्त गाडी सलग चालवायची नाही आणि थांबण्याची जागा आधी ठरलेली. कार्ल्याला जाताना आम्ही जुन्या रस्त्याने खोपोलीवरून जातो, कारण तिथे वस्तीत थांबता येते. द्रुतगती मार्गावर गाडी वाटेल तिथे कडेला घेता येत नाही, ते धोक्याचेही आहे आणि नियमाविरुद्धही. त्या मार्गाने गेलात तर खालापूरजवळच्या फूडमॉलला उतरायचे हे निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा. आणि एक गोष्ट: थांबा आला की ‘कोणाला जायचे आहे का?’ असे विचारू नका. चारचौघांत कोणतीच म्हातारी हो म्हणत नाही. नेत्या बाईने उठावे आणि म्हणावे, ‘चला, सगळ्या खाली उतरा, दहा मिनिटे पाय मोकळे करू.’ सगळ्या उतरल्या की जिला जायचे ती जाते. एवढ्या साध्या वाक्याने आमच्या सासूबाई पाणी पिऊ लागल्या.

आता गाडी. तेरा बाके असतील तर बारा माणसे धरा. तेरावे बाक पिशव्यांना, डब्यांना आणि ज्याला घाटात मळमळेल त्याला आडवे व्हायला. मूल मांडीवर घ्यायचे म्हणजे आईने दिवसभर हात आखडून बसायचे, आणि जोरात ब्रेक लागला तर हातातले मूल कोणालाही धरवत नाही. बाक मोजून माणूस न्यावा, मग ते माणूस तीन वर्षांचे का असेना. मागचे बाक सर्वांत जास्त आदळते. तिथे तरुण पोरे बसवा. म्हाताऱ्यांना आणि ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या दोन ओळी. आपल्याकडे मात्र उलट होते. पुढच्या जागा जावई आणि दीर धरतात, सासू मागे जाते.

टेम्पो ट्रॅव्हलरची पायरी उंच असते. गुडघे धरलेल्या बाईला ती चढणे म्हणजे परीक्षा, वर दोघी हात ओढतात, एक मागून ढकलते आणि सगळे हसतात. आम्ही घरचा जेवायला बसायचा जाड लाकडी पाट बरोबर नेतो. दाराशी टाकला की पायरी निम्मी होते. पहिल्यांदा चालक हसला होता, नंतर म्हणाला, ‘ताई, असा एक पाट मीच ठेवतो गाडीत.’

गाडी कोणाची घ्यावी याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ‘आमच्या ओळखीच्याची गाडी आहे, स्वस्तात देतो’ असे म्हणून पांढऱ्या पाटीची घरगुती मोटार भाड्याने घेतात. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि त्यावर काळी अक्षरे लागतात. घरगुती गाडीचा विमा भाडे घेऊन केलेल्या प्रवासाला लागू होत नाही. दहा-वीस टक्के वाचतात खरे, पण काही झाले तर भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आणि मालाच्या टेम्पोत, पिकअपमध्ये सतरंज्या टाकून माणसे बसवणे तर कोणीच करू नये. मालवाहू गाडीत असे बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेला आहे. घरातल्या शिकल्या मुलाला सांगा, एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत दिसते. पाच मिनिटांचे काम आहे. इसार देण्याआधी करावे.

भाडे ठरवताना तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: किलोमीटर कोठून मोजणार, तुमच्या दारापासून की त्याच्या गॅरेजपासून, टोल आणि पार्किंग कोणाचे, चालकाचा भत्ता धरून की वेगळा. टोलचा अंदाज मोटारीवरून बांधू नका. ट्रॅव्हलरला मिनीबसचा दर लागतो. १ एप्रिल २०२३ च्या वाढीत द्रुतगती मार्गाच्या पूर्ण पल्ल्याला मोटारीचा टोल ३२० रुपये झाला आणि मिनीबसचा ४९५.

राहिला तो तीनशे किलोमीटरचा मोह. गाडी एकशे तीस किलोमीटर फिरली आणि पैसे तीनशेचे दिले, तर मनाला लागते हे मला मान्य आहे. पण त्या वर्षी आम्ही कार्ला, महड, पाली सगळे करूनही तीनशे भरले नव्हतेच, सव्वादोनशेच्या आतबाहेर झाले असतील. वर दवाखान्याचे बिल. पाहायचे असेल तर कार्ल्याची लेणीच नीट पाहा. एकवीरेच्या देवळाला लागूनच आहेत आणि तिथला चैत्य हा भारतातल्या दगडात कोरलेल्या चैत्यांमध्ये सर्वांत मोठा मानला जातो. मी पंधरा वेळा देवीला गेले आणि सोळाव्या वेळी आत जाऊन पाहिला. छताला लाकडाच्या कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या! तोपर्यंत दर वेळी ‘उशीर होतोय’ म्हणून दारातूनच परत.

परतीच्या वेळेबद्दल हसण्यासारखे काही नाही. १५ एप्रिल २०२३ ला पहाटे बोरघाटात शिंग्रोब्याच्या देवळाजवळ पुण्याकडून परतणारी खासगी बस दरीत गेली आणि तेरा जण गेले. रात्रीचा कार्यक्रम आटोपून घरी निघालेली मंडळी होती. आमच्याकडचे चालक अजूनही त्या देवळापाशी नाणे टाकून पुढे जातात. नाणे जरूर टाकावे, पण त्या घाटात मध्यरात्रीनंतर असूच नये असा बेतही करावा. मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात चालकाला दिवसाला आठ तासांचे काम सांगितले होते. पहाटे चारला निघून रात्री बाराला परतणारी सहल त्याच्याकडून वीस तास जागरण मागते. आपण गाडीत डुलक्या घेतो, त्याने कुठे घ्यायच्या? आता आम्ही सहाला निघतो आणि दिवेलागणीला घरी. चालकाचे जेवण आपल्याच पंगतीत आणि जेवल्यावर अर्धा-पाऊण तास त्याला कोणी हाक मारायची नाही. अष्टविनायक करायचे असतील तर दोन रात्री मुक्काम धरा. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तिथे डोली मिळते, तिचे पैसे आधीच खर्चात धरा, म्हणजे आजीला ‘मी खालीच बसते’ म्हणावे लागणार नाही. वणीच्या गडावर २०१८ पासून रुळावरची ट्रॉली आहे, गुडघ्यांना मोठा आधार झाला.

पैशांवरून नाती तुटतात, म्हणून ते आधी बोलावे. घरटी वाटणी करू नका. एका घरची दोन माणसे, दुसऱ्या घरची पाच, मग मनात राहते. बाक तितकी वाटणी. समजा गाडी, टोल, भत्ता मिळून ९,१०० रुपये झाले आणि माणसे तेरा, तर बाकाला ७०० रुपये. लहान मुलाने बाक घेतले तर त्याचेही पूर्ण. नारळ, ओटी, खेळणी ज्याची त्याने घ्यावी. वही एकीच्याच हाती ठेवावी आणि गाडीतून उतरण्याआधी हिशेब वाचून दाखवावा. आमच्या थोरल्या जाऊबाई आणि नणंद कधीकाळी साठ रुपयांच्या पेढ्यांवरून आठ महिने बोलत नव्हत्या.

माणसे सहा-सातच असतील तर एसटीने जा, असे मी स्पष्ट सांगते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. पनवेलहून लोणावळा गाठायचे, पुढे रिक्षा. पन्नासेक माणसे असतील तर आगारात जाऊन प्रासंगिक कराराची चौकशी करा, अख्खी बस मिळते आणि विम्याची, परवान्याची काळजी राहत नाही.

नवसाच्या जेवणाचे मात्र अजून आमच्यात ठरत नाही. नवस असला की पायथ्याशी चूल मांडायची, टोपे, मसाला, तांदळाची पिठी सगळे गाडीत भरायचे. पुरुष पत्ते कुटतात आणि बायका भाकऱ्या थापतात. गेल्या वर्षी मी म्हटले, हा देवीचा प्रवास की नुसती चुलीची जागा बदलली? जाऊबाई रागावल्या. शेवटी तोड निघाली ती अशी की रांधणे पुरुषांनी करायचे. रस्सा पातळ झाला होता, मीठ दोनदा पडले होते, पण आम्ही सगळ्या मिळून चैत्यात तासभर बसून आलो. यंदा पुन्हा वाद आहेच.

चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी असते. त्या गर्दीत म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना नेऊ नका, त्यांना माघातल्या एखाद्या आडवारी न्या. आणि गाडी महिनाभर आधी सांगून ठेवा. आमच्या भागात लग्नाच्या तिथी सुरू झाल्या की चांगल्या गाड्या वऱ्हाडात जातात आणि उरलेल्यांतली पदरात पडते. आमची यंदाची ठरली आहे. बारा माणसे, तेरा बाके. पाट सासूबाईंनी स्वतः धुऊन दारात वाळत घातला आहे.